तिरडीवरच्या मिरच्या

वॉटफर्ड, ११ मार्च २००७

आणि सहा तास म्हणजे किती रे दादा? पहाटे पाचला आई गेली आणि अकराला तुम्ही नदीवर. गणपतीचा मांडव उतरवायलासुद्धा मला याहून जास्त वेळ लागायचा.

फोनवर तू म्हणालास, "तुझ्या सोयीनं मरायचं होतं का तिनं?" मग म्हणालास, "या दारात पाय ठेवू नकोस," आणि फोन आपटलास. त्यानंतर मी तीनदा केला. तिन्ही वेळा मीनलवहिनींनी उचलला आणि म्हणाल्या, "भावजी, ते झोपलेत." दुपारी चार वाजता. गिरणी उघडायच्या वेळेला तू कधी झोपलायस? म्हणून लिहितोय. फोन आपटता येतो. पत्र फाडलंस तरी फाडता फाडता एखादी ओळ नजरेला पडेलच. अक्षराला नावं ठेवू नकोस. ते सातवीत जिथं थांबलं तिथंच आहे.

मला एवढंच बोलायचंय. आपल्या आळीत माणूस गेलं की पहिला निरोप कुणाला जायचा? शशीला. पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून. मांडववाल्याकडे कामाला असल्यानं बांबू आणि सुतळी हातातली होती. परक्यांच्या चाळीस तरी तिरड्या बांधल्या असतील मी. "शशीच्या तिरडीत मेलेला माणूस हलत नाही," असं तो पुरुषोत्तम न्हावी सगळ्या भोरभर सांगत फिरायचा. मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं. आणि आपल्या आईची कुणी बांधली? आळीतल्या अजयनं. अजयनं! ज्याची गाठ शेळीनं ओढली तरी सुटते. चौकात एक कामटी सुटली, हे वहिनींच्या तोंडून गेलं. मग त्या लगेच म्हणाल्या, नाही नाही, काही झालं नाही. मला ते कळायला नको होतं.

तू थांबायला हवं होतंस. बर्फ मिळतो भोरात. वेळू गावच्या कारखान्यातून मिळतो. एक दिवस थांबायचं होतं.

आता तू म्हणशील, डिसेंबरात फोन केला होता. केला होतास. "आई तुझं नाव घेतेय, येऊन जा" म्हणालास. तेव्हाच सांगितलं होतं की पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकलाय म्हणून. माणसानं काय उडून यायचं?

जाऊ दे. येत्या माघात वर्षश्राद्ध येईल. मला त्या दिवशी घरी यायचंय. ओसरीवर बसेन, आत येणार नाही. येऊ देशील की नाही, एवढं कळव. दुसरं काही मागत नाही.

शशी


वॉटफर्ड, २ एप्रिल

तुझं उत्तर नाही. मी वाट बघणार नाही असं ठरवलं होतं, पण पोस्टमन आला की डॉक्टरसाहेबांच्या मुलीच्या, ईराच्या आधी मीच दाराशी पोचतो. ती आठ वर्षांची. परवा म्हणाली, "शशीकाका, तुझा पत्र आला नाही. उद्या येईल हां ती." तिचं मराठी असंच, पत्राला कधी तो, कधी ती. मी त्यांच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतो. म्हटलं, येईल.

तू फोनवर आणखी एक बोलला होतास. "आई मरत होती आणि तू आफ्रिकेत मजा मारत होतास." त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.

दर जानेवारीला डॉक्टरसाहेब आणि त्यांच्या हॉस्पिटलातले सात-आठ जण घानाला जातात. डोळ्यांचं शिबिर. मोतीबिंदू काढतात, पैसे घेत नाहीत. यंदा मला नेलं. स्वयंपाकाला आणि ओझ्याला. पण तिथं स्वयंपाकी असं कुणी नसतं. सगळ्यांना एकसारखा निळा टी-शर्ट, पाठीवर व्हॉलंटियर लिहिलेला, छातीवर नावाची पट्टी. डॉक्टरसाहेबांच्या छातीवर कमलाकर, माझ्या छातीवर शशी. अक्षरं सारख्याच मापाची.

कुमासीच्या पुढं दोन तासांवर गाव. लाल माती, आणि हवेत वाळवंटाकडून आलेली अशी धूळ की सूर्य दुधातल्या चांदीच्या रुपयासारखा दिसतो. पहिल्या दिवशी तीनशे म्हातारी माणसं उन्हात उभी. मी बघितलं, मागं बांबूचं बेट आहे. कुणाला विचारलं नाही. कोयता मागितला आणि संध्याकाळपर्यंत मांडव घातला. चाळीस फूट. दुसऱ्या दिवशी सगळे सावलीत. तिथले लोक मला ब्रदर शशी म्हणायला लागले. दादा, मला आजवर लोकांनी "ए मांडव" म्हणून हाक मारलीय.

आम्ही ज्यांच्या अंगणात उतरलो होतो त्या अफुआआजी. सत्तरीच्या पुढच्या. माझी पोळी बघून इतक्या हसायच्या की बाकावरून खाली यायच्या. म्हणायच्या, एवढं थापून, लाटून, भाजून शेवटी एवढंसं पातळ? यानं पोट भरतं? त्यांच्याकडं ज्या वारी जन्म त्या वाराचं नाव. अफुआ म्हणजे शुक्रवारची. लंडनकडं असलेला मुलगा क्वाकू, तो बुधवारचा. मुलगी अकोसुआ रविवारची. मला विचारलं, तू कुठल्या वारचा? मला माहीत नाही. म्हटलं, आईला फोन करीन आणि विचारीन. त्या रोज सकाळी विचारायच्या, केलास का फोन? मी रोज म्हणायचो, रविवारी करतो. भारतात फोन लावायला तालुक्याच्या गावी जावं लागे. दोन रविवार गेले.

एक फेब्रुवारीला डॉक्टरसाहेब तालुक्याहून परत आले. मी मांडवात नंबराचे कागद वाटत होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगायला त्यांना जमलं नसावं. आई जाऊन तीन दिवस झाले होते. ईराची आई, सुचेताताई, वॉटफर्डहून फोन लावत होत्या, लाइन बंद. माझ्या हातात साठ कागद राहिले होते. ते मी वाटले. एकसष्टावं माणूस आलं तेव्हा कळलं की आता हातात काही नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी अफुआआजी गेल्या. झोपेत. अकोसुआचं ओरडणं ऐकून मी उठलो, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सरळ कोयता घेऊन बेटाकडं गेलो. दोन लांब कळक तोडले, कामट्या काढल्या. सुतळी नव्हती, मांडवाची दोरी सोडून घेतली. माझ्या जन्मात इतकी घट्ट बांधली नव्हती. नऊ वाजता तयार. खांद्यावर टाकून अंगणात नेली, आणि बघतो तर अंगणात आजी नाहीत. गाडीतून त्यांना तालुक्याच्या हॉस्पिटलात नेलं होतं, बर्फाच्या कपाटात ठेवायला. मूठमाती कधी? अकोसुआ म्हणाली, भाऊ आल्यावर. कधी येणार? येईल. महिना, दोन महिने.

त्यांना वाटलं मी शिडी आणलीय. एक बाई म्हणाल्या, पायऱ्या फार जवळ जवळ आहेत, पण ब्रदर शशीचा जीव चांगला. भिंतीला टेकवून ठेवली. दुपारी बघतो तर दोन विटांवर आडवी ठेवलेली, आणि वर लाल मिरच्या वाळत घातलेल्या.

मी ओरडलो. मराठीतच ओरडलो. कुणाला काही कळेना. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, तिरडीला शब्द कुठून आणू? मग मी हाताला आल्या तेवढ्या मिरच्या बाजूला केल्या आणि तिरडीवर उताणा पडलो, हात छातीवर जोडले, डोळे मिटले. बायका किंचाळल्या. एक म्हातारा काठी घेऊन आला. मग कुणाला तरी समजलं आणि सगळं अंगण हसायला लागलं. आई गेलेली ती अकोसुआसुद्धा. मीही हसलो दादा. मिरच्यांनी पाठ पेटली होती आणि मी पडल्या पडल्या हसत होतो.

मग ती जवळ बसली. "तुझ्या आईसाठी अशी कुणी केली?"

मी म्हटलं, दुसऱ्यानं. त्याच दिवशी नेलं. सहा तासांत.

ती म्हणाली, "सहा तास? तुमच्या मागं कुणी लागलं होतं का?"

बघ. परक्या मुलखातल्या बाईला कळतं. ते लोक गरीब आहेत, तरी मुलगा येईस्तोवर थांबतात. हे तुला सांगायचं होतं.

आणि एक विचारायचं होतं. मी कुठल्या वारचा, ते तुला माहीत आहे का? आता तूच आहेस.

शशी


वॉटफर्ड, २९ एप्रिल

तुझं कार्ड मिळालं. ईरानं आणून दिलं आणि विचारलं, "एवढाच?"

एवढंच. "मंगळवार. पासपोर्ट कधी मिळाला?" खाली सहीसुद्धा नाही.

मंगळवार म्हणजे क्वाबेना. तुझ्या लक्षात होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं नंतर लिहितो. आधी स्लाऊचं सांगतो, क्वाकू राहतो तिथलं.

निघताना अकोसुआनं एक गाठोडं दिलं होतं, क्वाकूला द्यायला. काळं कापड, त्यावर तांबडी नक्षी. त्यांच्यात मूठमातीला नेसतात. चिठ्ठीवर फोन नंबर. मी दोन महिने दिलं नाही. खरं सांगू, मला त्याचा राग येत होता. ज्याच्यासाठी सगळं गाव थांबलंय, तो स्लाऊत बसून काय करतो? मला मिळालं असतं असं थांबलेलं गाव, तर पळत गेलो असतो, असं मनात म्हणायचो.

गेल्या रविवारी गेलो. वॉटफर्डहून दोन बस. गोदामांच्या मागं घरं आहेत, तिथं वरच्या मजल्यावर एक खोली. क्वाकू माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, दार उघडलं तेव्हा गोदामाचा पिवळा कोट अंगावरच होता. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "तो मिरच्यांवर झोपलेला इंडियन तू?" आणि हसला. मग गाठोडं बघितलं आणि खाली बसला.

त्याच्याकडं कागद नाहीत. व्हिसा संपून चार वर्षं झाली. इथून बाहेर पाऊल टाकलं की परत यायचं नाही, आणि बायको, दोन पोरं इथं. वकील म्हणतो, थांब, होईल. तिकडं अकोसुआला तो दर रविवारी सांगतो, "ऑफिस सुट्टी देत नाही, पुढच्या महिन्यात नक्की." पुढचा महिना, पुढचा महिना, असे अडीच महिने. तिकडं गावातलं कुणीच काही ठरवू शकत नाही. अकोसुआ रोज सांगते, येतोय. लोक रोज विचारतात. कापड विणून झालं, मंडपवाला दोनदा येऊन परत गेला. माझ्या मनात जे थांबलेलं गाव होतं ना दादा, ते असं थांबलं होतं. त्या बाईच्या अंगावर.

मी विचारलं, "खरं का सांगत नाहीस?"

म्हणाला, "खरं सांगितलं की मी गेलो. मग मी येणारा मुलगा राहत नाही."

मी चहा घेतला, उठलो. दारापाशी म्हणाला, "क्वाबेना, जरा बस ना. मी फोन करतो. एकट्याला होणार नाही." (तुझं कार्ड नुकतंच आलं होतं. वार मी त्याला आल्या आल्या सांगितला होता.)

दोन पौंडाचं फोनकार्ड. नंबर लागायच्या आधी एक बाई सांगते, तुमची अमुक मिनिटं आहेत. लागला. तो त्यांच्या भाषेत बोलत होता, मला कळायचं कारण नव्हतं. पण सगळं कळलं. आधी नेहमीचं, मग घसा साफ केला, मग हळू हळू एकेक वाक्य. मग पलीकडं काहीच नाही. फोन माझ्यापासून हातभर लांब, तरी ते काहीच नाही मला ऐकू येत होतं. मधेच कार्डवाली बाई म्हणाली, तीन मिनिटं उरलीत. मग अकोसुआ ओरडायला लागली. शिव्या असाव्यात. त्यानं कानापासून फोन हलवला नाही.

शेवटी ती काहीतरी थोडकं बोलली आणि फोन बंद झाला. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, बारा मेला शनिवार आहे, तेव्हा आम्ही मूठमाती देतो. तिथं बसून कापड नेस."

बसमध्ये येताना मला पहिल्यांदा तू दिसलास. खरंच. ओसरीवर आई, आत बायका, अजय विचारतोय कळक कुठून आणू, आणि तू गिरणीवरच्या फोनवरून वॉटफर्डला लावतोयस. पलीकडं सुचेताताई म्हणतात, तो आफ्रिकेत आहे, नंबर लागत नाही. तू किती वेळा लावलास? मी हे कधी विचारलंच नव्हतं. मी फक्त तास मोजत होतो.

पासपोर्टचं पुढच्या पत्रात लिहितो. नक्की लिहितो.

शशी


वॉटफर्ड, २० मे

दादा,

बारा तारखेला मी स्लाऊला गेलो. तुपाचा हात लावून पिठलं केलं होतं, आणि भात. मेल्या घरी शेजाऱ्यानं न्यायचं असतं, आणि त्याला शेजारी कोण? गोदामातून सुट्टी घेऊन क्वाकू खोलीत बसला होता, काळं कापड एका खांद्यावरून घेतलेला. पोरं त्याला टेकून. अकरा वाजता तिकडून फोन आला. कुणीतरी फोन हवेत धरून ठेवला होता, ढोल ऐकू येत होते आणि वारा. आम्ही सगळे एका फोनभोवती बसलो. मग तो बंद पडला. क्वाकूनं पिठलं खाल्लं आणि म्हणाला, "हे तर दात नसलेल्या पोरांचं जेवण." तरी सगळं संपवलं. रडत रडत संपवलं.

निघताना मला म्हणाला, "अकोसुआ बोलत नाही माझ्याशी. पण आता मी तिच्याशी खोटं बोलत नाहीये."

आठ दिवस झाले, मी हे पत्र रोज सुरू करतो.

पासपोर्ट कधीच अडकला नव्हता. माझ्या पेटीत होता, शर्टांच्या खाली.

तुझ्या फोनच्या दोन आठवडे आधीची गोष्ट. रात्रीची जेवणं चालली होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "शशी, तीन वर्षं झाली तुला. यंदा एक तिकीट माझ्याकडून. घरी आईला भेटून ये, नाहीतर आमच्याबरोबर घानाला चल. दोन्ही जमणार नाही बाबा." सुचेताताई म्हणाल्या, "अहो, हे काय विचारणं झालं? घरीच जाईल तो." माझ्या हातात पोळी होती. ती तव्यावर टाकायच्या आत मी म्हणालो, घाना.

घरी आलो असतो तर काय, दादा? स्टँडवर उतरल्यावर कुणीतरी म्हणालं असतं, ए मांडव, आलास का, उद्या लग्न आहे, ये बांधायला. आईनं दुपारी माझ्या डोक्याला तेल लावलं असतं आणि विचारलं असतं, तिथं काय करतोस? आणि मी म्हणालो असतो, पोळ्या. मला तो टी-शर्ट हवा होता. एकदा तरी छातीवर नाव लावून कुठंतरी जायचं होतं.

मग तुझा फोन आला. "नाव घेतेय" म्हणालास. मी पासपोर्टचं सांगून मोकळा झालो. फोन ठेवला तेव्हा डॉक्टरसाहेब मागं उभे होते. "घरचा फोन? आई कशी आहे? शशी, तिकीट अजून बदलता येईल." मी म्हणालो, बरी आहे, थोडा ताप आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. ते देवमाणूस आहेत, त्यांना अजून माहीत नाही. आज पत्र टाकून आलो की सांगणार आहे.

मला वाटलं, आई आहे, थांबेल. खरंच तेवढंच वाटलं. मार्चमध्ये जाऊ, उन्हाळ्यात जाऊ.

तुला मी सहा तासांवरून इतकं बोललो. तू सहा तास थांबलास. ती माझ्यासाठी डिसेंबरपासून थांबली होती, आणि तिला थांबवणारा मी होतो.

शेवटी ती काय म्हणायची, ते मी तुला कधी विचारलं नाही. नुसतं नाव घ्यायची की आणखी काही? वार विचारायला मी फोन केला असता, तर तिनं उचलला असता का? तेव्हा तिला बोलता येत होतं का? नको, सांगू नकोस. नाही, सांग. वहिनींकडून कळवलंस तरी चालेल.

घानात मी काय शिकलो म्हणून ईरानं शाळेतल्या तिच्या वहीसाठी मला विचारलं होतं. मी म्हटलं, लिही, बांबू सगळीकडं सारखाच असतो. ती म्हणाली, "हा उत्तर छोटा आहे." मला मोठं येत नव्हतं. आता रविवारी स्लाऊला जातो. घानाच्या लोकांचा हॉल आहे, तिथं खुर्च्या मांडतो, मोठी भांडी उचलतो. टी-शर्ट नसतो. कुणी नाव विचारलं तर मंगळवारचा म्हणून सांगतो. कुणाचं कुणी गेलेलं असलं की त्यांच्या शेजारी बसतो. बोलत नाही फार.

तर वर्षश्राद्धाचं. ओसरीवर बसेन असं लिहिलं होतं, ते खोडतो. हे सगळं लपवून मी तुझ्याकडं जागा मागत होतो. आता तुला सगळं माहीत आहे. मागच्या वेळी यायचं की नाही हे मी ठरवलं, आणि तुझ्याशी खोटं बोलून ठरवलं. या वेळी तू ठरव. मी स्वतः तिकीट काढणार नाही, त्याचे पैसे या पत्रासोबत पाठवतोय. घरी ये म्हणून माझ्या नावाचं तिकीट तू पाठवलंस तर येईन, आणि अजयच्या दोन कानाखाली मारून मग त्याच्या पाया पडेन. नाही पाठवलंस तर हे पैसे तुझे. गिरणीला लाव, पोरांना लाव, नदीत टाक, मी कधी विचारणार नाही. फक्त तिच्या श्राद्धाला लावू नकोस. ते यातून व्हायला नको.

सुचेताताईंनी तेव्हा एजंटला फोन करून मुंबईच्या तिकिटाचा भाव विचारून ठेवला होता, मी घरीच जाईन असं धरून. फ्रिजवर चिकटवलेला तो कागद मी जानेवारीत निघताना खिशात टाकला, म्हणजे पुन्हा कुणाला आठवायला नको. त्यावर जेवढे लिहिले होते तेवढेच पाठवतोय, जायचे-यायचे मिळून. चारशे दहा पौंड.